टाकीकडून येणारे मिस्त्री

"बोनेट लावा. मले इंजिन नाही पाहायचं."

गाडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला मिस्त्रींचं हे पहिलं वाक्य ऐकावं लागे. आपण मोठ्या काळजीने बोनेट उघडून बाजूला उभे असायचो, चेहऱ्यावर पेशंटच्या नातेवाइकाचा भाव आणून. हे गृहस्थ तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. सरळ गाडीच्या मागे जायचे, टाकीचं झाकण काढायचे, आत नाक घालून वास घ्यायचे, बोटांच्या पेरांनी टाकीवर तीन-चार ठिकाणी टकटक करायचे आणि मान वर न करताच विचारायचे, "कोणी हात लावला?"

बहुतेक जण सांगत, कोणीच नाही. मिस्त्री हसत. "ड्रायव्हर आधी खोटं बोलते, मंग गाडी बंद पडते," असं म्हणून कामाला लागत. ज्याला म्हटलं तो सोडून बाकी सगळे हसायचे. मीही हसायचो.

पांढरकवड्यात जुन्या रस्त्याला, बायपास झाल्यावर जिथून ट्रक जायचे बंद झाले तिथे, त्यांचं टिनाचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. ब्रेक, गिअर, टायर यातलं काहीही ते करत नसत. डिझेल टाकीतून निघून नोझलपर्यंत जातं, तेवढ्या वाटेतलं काम त्यांचं. "त्याच्या पुढं आग आहे, ते दुसऱ्यानं पाहावं," म्हणायचे. असे एकाच कामाचे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. आता कमी झालेत.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. घरची शेती मारेगावकडे, आणि वडिलांच्या काळातली एक डिझेल जीप. ती जीप विकावी असं घरातल्या सर्वांचं मत आणि विकू नये असं माझं एकट्याचं. त्यामुळे ती बंद पडली की टोमणे मला. आणि ती बंद पडायची! मग मी मिस्त्रींकडे जायचो. जीप ठीक असली तरी शाळा सुटल्यावर जायचोच. तिथे एक मोडकी बस-सीट ठेवलेली होती, तिच्यावर बसून चहा व्हायचा. वर्गात मी निर्वात पोकळी आणि हवेचा दाब फळ्यावर आकृती काढून शिकवायचो. पण डिझेलच्या पाइपात हवा शिरली म्हणजे इंजिन का गुदमरतं, हे मला मिस्त्रींच्या दुकानात कळलं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

ते माझा अंगठा धरून पंपाच्या बाजूच्या छोट्या हातपंपावर ठेवायचे. "दाबा. कडक लागते का नरम?"

"नरम."

"म्हंजे हवा आहे. डिझेल असतं तं कडक लागलं असतं. काय सर, एवढं पोरायले शिकवता अन्!"

पाइपात हवा कुठून शिरते ते शोधायची त्यांची रीत साऱ्या तालुक्यात एकट्याची होती. त्यांची मुलगी वैशाली, शाळेत माझ्याच वर्गात शिकलेली, नर्सिंगला होती. तिने कॉलेजातून सलाइनच्या वापरलेल्या नळ्या आणून दिल्या होत्या. डिझेलच्या काळ्या पाइपाच्या मध्ये मिस्त्री वीतभर सलाइनची नळी जोडायचे आणि इंजिन चालू करायचे. नळीतून बुडबुडे गेले म्हणजे मागच्या जोडात हवा. बुडबुडे नाहीत म्हणजे हवा नाही, दुसरं काहीतरी. माणसाला जी लावतात ती नळी जीपला लावलेली पाहून लोक थांबायचे. मिस्त्री लगेच सांगायचे, "हे माह्या पोरीचं डोकं आहे." ते खरं नव्हतं. वैशालीनेच मला सांगितलं की तिने नळ्या नुसत्या आणल्या, युक्ती बाबांची.

एकदा एक कंत्राटदार मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला लागला, यात असं असं करायला सांगितलंय म्हणून. मिस्त्रींनी शांतपणे सगळा व्हिडिओ पाहिला, शेवटपर्यंत. मग पाना त्याच्या हातात देऊन म्हणाले, "चांगलं सांगतलं भाऊनं. करा." आणि बाजूला जाऊन तोंड धुतलं. कंत्राटदार पंधरा मिनिटं पाना घेऊन उभा होता.

हैदराबादकडचा एक ट्रकवाला यायचा. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी यथातथा. दोघांचं बोलणं सगळं हातांनी आणि इंजिनच्या आवाजांनी चालायचं. तो तोंडाने "घुर्र घुर्र फुस्स" करून दाखवायचा, मिस्त्री मान हलवायचे, मग तेही "फुस्स" करून विचारायचे, असं की असं? मी पोट धरून हसायचो. काम मात्र व्हायचं.

तांब्याचा वायसर ते कधी जुना तसाच लावत नसत. नवा नसला तर जुनाच पकडीत धरून स्टोव्हवर लाल करायचे, गार करायचे आणि मग लावायचे. तापवला की तांबं मऊ होतं, जागेवर नीट बसतं, हवा धरत नाही. मी म्हटलं, एवढ्याशा वायसरसाठी कशाला एवढं? ते म्हणाले, "एवढुशानंच तं जाते ना सर." याच्यापलीकडे ते कशाचं तत्त्वज्ञान करत नसत, म्हणून मला आवडायचे.

घरात ती दोघंच. बायको वैशाली लहान असतानाच गेली होती. वैशालीबद्दल ते फार बोलत नसत, पण तिचा फोन आला की हात पुसायचे. नुसते पुसायचे नाहीत, साबणाने धुवायचे, मग फोन घ्यायचे. फोनला डिझेल लागू नये म्हणून असेल. मला वाटतं तिच्यासाठी.

आता जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो. इतकं सगळं मजेचं लिहिलं ते थोडं लांबवण्यासाठीच लिहिलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

वैशालीची सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली. यादीत नाव आलं. कागदपत्रं घेऊन नागपूरला सकाळी दहा वाजता हजर राहायचं होतं. पुढची भरती कधी निघेल याचा नेम नव्हता. पहिली एसटी धरली तर दहाच्या आत पोचेल याचा भरवसा नव्हता. दुकानात चार माणसं बसली होती, चहा चालू होता, आणि मी छाती काढून म्हटलं, "एसटी कशाला? माझी जीप आहे ना! पहाटे निघू, नऊला नागपुरात."

मिस्त्रींनी आठ दिवसांपूर्वीच जीपचं सगळं काम केलं होतं. ते म्हणाले, "नवा फिल्टर आहे. नागपूर काय, दिल्लीले न्या." त्यांना आनंद झाला होता. स्वतःच्या हातच्या गाडीतून पोरीला नोकरीवर न्यायचं, याचा आनंद.

जायच्या दोन दिवस आधी मी शेतात गेलो होतो. वेचलेला कापूस जीपमध्ये भरून जिनिंगला न्यायचा होता. डिझेल कमी वाटलं म्हणून कॅनमधलं टाकीत ओतलं. झाकण काढून बंपरवर ठेवलं होतं, ते तसंच विसरून निघालो. दोन-तीन किलोमीटरवर आठवण आली तेव्हा बंपर रिकामा. मागे जाऊन शोधलं, सापडलं नाही. धुळीचा रस्ता, टाकीचं तोंड उघडं. मागे गाडीभर कापूस होता. मी मूठभर घेतला, त्याचा बोळा केला आणि टाकीच्या तोंडात कोंबला. आमच्याकडे हे कुणालाही सुचेल. कापसाच्या दिवसात आम्ही काय काय कापसाने बंद करतो, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पंपावर टाकी भरायला गेलो तर बोळा तोंडात नव्हता. रस्त्यात पडला असेल, असं मी म्हटलं. मनात एकदा आलं की आत गेला असेल. पण पंपावरचा माणूस नळी धरून उभा होता, मागे लाइन होती. टाकी काठोकाठ भरली. बाजारातून नवीन झाकण आणून लावलं. झालं.

मिस्त्रींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चार माणसांत म्हटलं असतं, "पाहा, सरायनं टाकीत कापूस पेरला." आणि सगळे हसले असते. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

पहाटे त्यांच्या दाराशी जीप नेली. मिस्त्री पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांना तशा शर्टात मी पहिल्यांदाच पाहिलं. वैशालीच्या हातात फाइल, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. मिस्त्री सवयीने टाकीकडे गेले. मी म्हटलं, "राहू द्या मिस्त्री, कालच फुल केली. कपडे खराब होतील." त्यांनी शर्टाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

करंजी गाव ओलांडलं आणि जीप गचके खाऊन थांबली.

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या. हातपंप दाबला, नरम. हवा काढली, दहा मिनिटांत गाडी सुरू. "असते कधी," ते म्हणाले. वैशाली हसली. पुढे आठ-दहा किलोमीटर ठीक गेलो आणि पुन्हा तेच.

या वेळी त्यांनी सलाइनची नळी जोडली. नळीत बुडबुडा नव्हता. डिझेलच येत नव्हतं. मिस्त्री थोडा वेळ नळीकडे पाहत बसले. मग टाकीचं झाकण काढलं, बॅटरी मारली. काठापर्यंत डिझेल, खाली काळोख. ते माझ्याकडे आले. त्या दिवशी "कोणी हात लावला" असं म्हणाले नाहीत. नीट विचारलं.

"सर, हवा नाही हे. टाकीतूनच अडून राह्यलं. आत काही गेलं का? चिंधी, पाला, काही? गेलं असन तं आत्ताच टाकी खाली करतो. अर्धा घंटा लागन."

मी म्हटलं, "नाही."

वैशाली गाडीतून म्हणाली, "बाबा, पाहून घ्या ना एकदा खाली करून."

"सर नाही म्हणते ना," मिस्त्री तिला म्हणाले. "सर काहून खोटं बोलतीन?"

तेव्हा सात वाजायचे होते. अर्धा तास गेला असता तरी आम्ही दहाच्या आत पोचलो असतो. हे गणित मी नंतर पुष्कळदा केलं. दर वेळी पोचतो.

मिस्त्रींनी पाइप सोडला, तोंडाला लावला आणि टाकीच्या दिशेने जोरात फुंकर मारली. पाइपात कचरा असेल तर निघून जावा म्हणून. फुंकरीने बोळा पाइपाच्या तोंडापासून दूर झाला असणार, कारण गाडी लगेच सुरू झाली. डिझेल त्यांच्या तोंडात गेलं, शर्टावर सांडलं. ते थुंकले आणि म्हणाले, "निंघाला कचरा." थोडं अंतर गेलो, बोळा पुन्हा पाइपाच्या तोंडाशी येऊन बसला. गाडी पुन्हा थांबली. पुन्हा फुंकर, पुन्हा सुरू.

पार बंद पडली असती तर बरं झालं असतं. ती दर वेळी सुरू होत होती.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा वैशाली म्हणाली, "बाबा, ट्रकले हात देऊ का?"

"पाच मिनिट थांब बाई. माह्या हातची गाडी आहे. आत्ता चालते."

आणि ती चालली. चौथ्यांदा थांबलो तेव्हाही ते पाच मिनिटं म्हणाले, पण आवाज बदलला होता. शर्टाची छाती पिवळी झाली होती. नागपूरकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून घड्याळ पाहत होतो. तोंड उघडायला मला पाच वेळा संधी मिळाली. एकदा मी "मिस्त्री" अशी हाकही मारली. ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "पाणी पिता का?"

पाचव्यांदा हिंगणघाटच्या अलीकडे थांबलो. साडेनऊ झाले होते. वैशाली उतरली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि भाजीची एक पिकअप थांबवली. मिस्त्री डिझेलने माखलेले हात तसेच घेऊन तिच्या मागे चढले. मी जीपपाशी राहिलो.

ती दोघं साडेबाराला पोचली. नाव पुकारून झालं होतं, गैरहजर असा शेरा पडला होता. आत जाऊन हात जोडले, गाडी बंद पडली म्हणून सांगितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, रोज कुणाची तरी पडते. अर्ज दिला, त्याचं पुढे काही झालं नाही. जागा यादीतल्या खालच्या नावाला गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. मी दिवसभर जीपमध्ये बसून होतो. ऊन आलं, गेलं. मी काही खाल्लं नाही. पण उपास केला असं समजू नका, जवळ काही खायला नव्हतं.

चारच्या सुमाराला मिस्त्री एका बसमधून उतरले, एकटे. वैशाली मैत्रिणीकडे नागपुरातच राहिली होती. मी विचारलं, "झालं का काम?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग जीपच्या मागून डिझेलचा कॅन काढला, गाडीखाली शिरले आणि टाकीचा खालचा बोल्ट सोडला. कॅन भरला की मी तो एका टिनाच्या पिप्यात ओतत होतो. तो पिपा मीच दुपारी शेजारच्या धाब्यावरून मागून आणला होता. म्हणजे दुपारपर्यंत मला सगळं पक्कं माहीत झालं होतं.

टाकी रिकामी झाली. त्यांनी तार वाकवून आत घातली, दोन-तीनदा फिरवली आणि बाहेर ओढली. तारेच्या टोकाला कापूस आला. डिझेलने काळा, ओलाकिच्च, पण सरकी दिसत होती. शेतातला कापूस. चिंधी असती तर कुणाचीही असू शकली असती.

मिस्त्रींनी तो हातात घेतला. पिळला. बोटांनी उकलून पाहिला. मी दोन पावलांवर उभा होतो. ते वर पाहतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी वर पाहिलं नाही. बोळा रस्त्याच्या कडेच्या गवतात टाकला, बोल्ट आवळला, डिझेल गाळून परत भरलं, हवा काढली.

"आता चालन," एवढं म्हणाले.

चाललीही. पांढरकवड्यापर्यंत एकदाही अडखळली नाही. ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या दाराशी उतरवलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचा दिवस गेला सर." खरं सांगतो, ते टोचून बोलले नव्हते. ते तसं बोलू शकत नसत.

मला तेव्हा काय वाटलं? काहीच वाटलं नाही. घरी गेलो, आंघोळ केली, जेवलो. दुसऱ्या दिवशी शाळेत तास घेतले. अजूनही पुष्कळदा तसंच होतं. वाईट वाटायची जागा हाताला लागते, दाबली तर बधिर असते.

मी दुकानात जायचं बंद करीन असं तुम्हाला वाटलं असेल. नाही केलं. चार दिवसांनी गेलो, बस-सीटवर बसलो, चहा आला. सगळं पहिल्यासारखं. जीपचं कामही त्यांनीच केलं, पुढची चार वर्षं. तोच काटेकोरपणा, तोच लाल केलेला वायसर. फरक एकच पडला. माझी जीप आली की ते टाकीकडे जायचे, झाकण काढायचे, वास घ्यायचे, टकटक करायचे. पण "कोणी हात लावला?" असं त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. इतर सगळ्यांना विचारायचे. माझ्या वेळी स्वतःच टाकी पूर्ण तपासायचे.

रोज वाटायचं, आज सांगू. सांगून काय होणार, त्यांना माहीतच आहे, असंही वाटायचं. हे दुसरं फार सोयीचं होतं.

वैशाली नागपुरातच एका खाजगी दवाखान्यात लागली. ती गावाला येईनाशी झाली. फोन वाजला की मिस्त्री हात धुवायचे, पण तो दुसऱ्याच कुणाचा असायचा. मी एकदा विचारलं, "वैशाली येते का?" ते म्हणाले, "ड्युटी असते तिची. दम नाही भेटत." मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. दुकानातच, सकाळी, एका ट्रॅक्टरचा फिल्टर हातात होता. ट्रॅक्टरवाला सांगत होता, "बसतो म्हणे थोडा. बसले, अन् संपलं बाप्पा." मयतीला रस्त्यावरचे झाडून सगळे मिस्त्री आले होते. वैशाली आली. मी लांब उभा राहिलो.

तेरवी झाल्यावर ती दुकान आवरायला थांबली होती. मी गेलो. या वेळी सांगायचंच म्हणून गेलो होतो. ती जमिनीवर बसून पाने मापाप्रमाणे लावत होती. मला पाहून उठली.

"या ना सर. बसा."

मी त्या सीटवर बसलो. कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून म्हटलं, "फार वाईट झालं."

"मले तं रडूच नाही येऊन राह्यलं सर," ती म्हणाली. "चार वर्सं बोललीच नाही मी त्यायच्याशी. फोन आला की कट करत होती."

"काहून?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले नाही माहीत? मले वाटलं, तुम्हाले सांगतलं असन. टाकीत कापूस निंघाला ना त्या दिवशी. मी फोनवर विचारलं, कोणं घातला? बाबा म्हणे, मीच. झाकण हरपलं होतं म्हणे, मीच कोंबला अन् इसरलो." ती एक पाना पुसत राहिली. "मी म्हटलं, साऱ्या दुनियेच्या टाक्या साफ करता, अन् माह्याच दिवशी इसरले? लय बोलली सर मी. तुमच्यापाई माहं आयुष्य गेलं, असंही बोलली. ते हव म्हणे, बरोबर आहे तुहं म्हणे. नुसते हव, हव."

मी त्यांच्या जागी जाऊन पुष्कळ विचार केला आहे. फुकट गाडी घेऊन आलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, असं त्यांना वाटलं असेल. की निघताना टाकी पाहायची राहिली ती आपली चूक, असं त्यांनी खरंच धरलं असेल. की पोरीचे मास्तर म्हणून. मला ठरवता येत नाही. आता विचारताही येत नाही.

मी वैशालीला सांगितलं. बंपरवरचं झाकण, गाडीभर कापूस, मूठभर बोळा. करंजीच्या पुढे त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, तेही. हजेरी घ्यावी तसं सांगितलं.

तिच्या हातातला पाना तसाच राहिला.

"बाबाले माहीत होतं?"

"होतं. माझ्यासमोरच काढला त्यांनी."

"अन् तुम्ही रोज इथं येऊन बसत होते."

"हो."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. तिने पाना इतर पान्यांच्या ओळीत ठेवला. मग म्हणाली, "सर, काहून सांगून राह्यले आता?"

माझ्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची, आणि प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत उभी राहायची. आताही ती उभी होती.

"या तुम्ही," ती म्हणाली.

मी उठून बाहेर आलो. मागे तिने शटरला हात घातला आणि ते आतून खाली ओढलं, जमिनीला टेकेपर्यंत. भर दुपार होती. आतून थोडा वेळ पान्यांचा आवाज येत होता, एकावर एक ठेवल्याचा. मग तो थांबला. मी तिथेच उभा राहिलो, आणि आत ती चार वर्षांनी आपल्या बाबांना हाक मारत होती ते ऐकलं.